बंद पडलेल्या स्टुडिओच्या निगेटिव्ह आणि त्यांतली अनोळखी माणसे : प्रसिद्ध कराव्यात का?

पूर्णाकाठ (धागाकर्ता)

परभणीतला एक जुना फोटो स्टुडिओ मालकांच्या निधनानंतर बंद पडला. मुलगा बाहेरगावी नोकरीला आहे. त्याने जागा रिकामी करून दिली आणि सामान भंगारात गेले. त्या सामानात चहापत्तीची तीन लाकडी खोकी होती आणि खोक्यांत निगेटिव्ह होत्या. काचेचा भाव वेगळा आणि फिल्मचा वेगळा मिळणार म्हणून भंगारवाला त्या निवडत बसला होता. मी तेथे जुन्या दरवाजाची कडी शोधायला गेलो होतो. कडी राहिली आणि खोकी घरी आली.

आठशेच्या आसपास पाकिटे आहेत. पहिली दीडएकशे काचेच्या प्लेटची, पुढची फिल्मची. प्रत्येक पाकिटावर नंबर आहे आणि त्या नंबरांची लांबट नोंदवहीही त्याच खोक्यात सापडली. तिच्यात नंबर, तारीख, नाव, गाव, साइज, प्रती, जमा आणि बाकी असे रकाने आहेत. सुरुवातीची पाने उर्दूत आहेत, नंतरची मराठीत. सर्वांत जुनी नोंद १३५४ सालची आहे. ते हिजरी धरून मी १९३५ समजतो आहे. शेवटच्या नोंदी १९७८ च्या आहेत.

लग्नानंतरची जोडपी, ताठ बसलेले पागोटेवाले शेतकरी, उरुसात रंगवलेल्या मोटारीच्या पडद्यासमोर उभी केलेली भावंडे आणि पासपोर्ट साइजचे असंख्य चेहरे त्यांत आहेत. यांतली शंभर निवडून, स्कॅन करून, नोंदवहीतल्या नावगावासह इंटरनेटवर खुली करण्याचा विचार आहे. खोकी मी रोख पैसे देऊन घेतली आहेत, मालकांच्या मुलाने फोनवर ‘खुशाल करा’ असे सांगितले आहे, आणि यांतली बहुतेक माणसे आता हयात नसावीत. तरीही टाकण्याआधी विचारलेले बरे, म्हणून हा धागा.

फिर्यादी

वकिली करतो, म्हणून आधी कायद्याचे सांगतो. आपण पैसे देऊन घेतली ती काच आणि फिल्म. तिच्यावरच्या चित्राचा स्वामित्वहक्क, म्हणजे कॉपीराइट, त्या व्यवहारात आपल्याकडे आलेला नाही, कारण वस्तूची मालकी आणि चित्राचा हक्क कायदा वेगवेगळे मानतो. मुलाचे ‘खुशाल करा’ही येथे फारसे उपयोगी पडेल असे वाटत नाही, आणि त्याचे कारण थोडे अनपेक्षित आहे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा, आणि पहिला मालकही सर्वसाधारणपणे तोच. पण कलम १७ मध्ये याला एक अपवाद आहे : एखाद्याच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन छायाचित्र काढले असेल, तर उलट करार नसल्यास हक्काचा पहिला मालक तो सांगणारा असतो. स्टुडिओत येऊन, पैसे मोजून, स्टुलावर बसलेला शेतकरी नेमका यात बसतो. म्हणजे आपल्या नोंदवहीत ‘जमा’ या रकान्यात ज्याच्या नावापुढे आकडा आहे, तोच बहुधा त्या फोटोचा हक्कदार, आणि तो गेला असेल तर त्याचे वारस. स्टुडिओवाल्यांनी निगेटिव्ह स्वतःकडे ठेवल्या, त्या पुढे कोणाला प्रत लागली तर काढून देता यावी म्हणून. तो धंद्याचा रिवाज होता. त्यातून मालकाच्या मुलाकडे परवानगी देण्याचा हक्क आला असे म्हणता येणार नाही.

मुदतीचेही सांगतो. पूर्वी छायाचित्रांना प्रसिद्धीपासून पन्नास वर्षे संरक्षण होते, मग ते साठ झाले, आणि २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्रांसाठी असलेले वेगळे कलम २५ च काढून टाकले. आता कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा इतर कलाकृतींचा नियम लागतो. १९५१ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांची मुदत २०११ अखेर, म्हणजे दुरुस्तीच्या आधीच, संपली होती आणि दुरुस्तीने ती पुन्हा जिवंत केलेली नाही. यावरून ‘जुने ते सगळे मोकळे’ असा समज पसरला आहे. पण ग्राहकाला चार प्रती देणे म्हणजे प्रसिद्ध करणे नव्हे. आपल्या खोक्यातले फोटो घराच्या भिंतीवर लागले असतील, पेटीत पडले असतील. लोकांपुढे ते कधी आलेच नाहीत. त्यामुळे जुनेपणाच्या आधारावर हे शंभर फोटो मोकळे आहेत असे मी लिहून देणार नाही.

दौलताबादी

आधी एक दुरुस्ती. १३५४ हे हिजरी साल नसावे, ते फसली असावे. हैदराबाद संस्थानात सरकारी कागद फसली सनाने चालत आणि दुकानदारही तेच लिहीत. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो आणि वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते, म्हणून आपली पहिली नोंद १९४४-४५ ची आहे. महिन्यांच्या जागी आजूर, दै, बहमन अशी नावे असतील तर शंकाच नको.

आता मुद्द्याचे. वकीलसाहेबांचे म्हणणे खरे असेलही, पण त्या वाटेने गेले तर काहीही प्रसिद्ध होणार नाही. निजामाच्या दरबाराचे फोटो राजा दीनदयाळांनी काढले आणि ते जगभरच्या संग्रहांत सुखरूप आहेत. परभणी, जिंतूर, गंगाखेडच्या साध्या माणसांचे १९४५ ते १९७८ मधले चेहरे कोठे आहेत? रझाकारांचा काळ, १७ सप्टेंबर १९४८, १९५६ ला मुंबई राज्यात जाणे, १९७२ चा दुष्काळ, या सगळ्यातून गेलेली माणसे या तीन खोक्यांत बसली आहेत, आणि आपण त्यांच्या वारसांच्या सह्या गोळा करत बसायचे? तोवर फिल्मला आंबूस वास सुटून ती गुंडाळली जाईल. मृतांना कसले आले खासगीपण? सरळ टाका, कोणी हरकत घेतली तर काढून टाका.

सेलूकर

दौलताबादी यांची तळमळ समजते, परंतु ‘हरकत घेतली तर काढू’ हे ज्याचा फोटो आहे त्याच्या बाजूने कसे असते ते सांगते.

माझ्या मावशीचा एक फोटो आहे. लग्नाआधीचा, स्थळासाठी काढलेला, नऊवारी साडी, हातात कागदाची फुले. दोन वर्षांपूर्वी तो जुन्या आठवणींच्या एका समूहात कोणी तरी टाकला, खाली ‘अनोळखी मराठमोळे सौंदर्य’ असे लिहिले, आणि मग पुरुषांनी जे लिहायचे ते लिहिले. तेथून तो एका दुकानाच्या दिवाळीच्या फलकावर गेला. आम्ही समूहात हरकत घेतली, तेव्हा मूळ फोटो निघाला. फलक तर छापून लागलेला होता.

मावशी आज सत्तरीच्या पुढे आहे. तिला सुंदर म्हटल्याचे काहीच वाटले नाही. ती एवढेच म्हणाली की, ‘तो फोटो अकरा घरी गेला होता आणि दहा घरांतून परत आला होता, हे तुझ्या काकांनासुद्धा मी कधी सांगितले नाही.’ त्या फोटोच्या मागे पेन्सिलीने त्या घरांच्या खुणा होत्या, आणि ज्याने तो टाकला त्याने ‘अस्सल’ दिसावे म्हणून मागची बाजूही टाकली होती.

खोक्यातल्या मुलींचे किती फोटो स्थळासाठीचे असतील, याचा अंदाज पूर्णाकाठ यांनी घ्यावा.

फिर्यादी

मृतांविषयी. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यात म्हटले की खासगीपणाचा आणि प्रसिद्धीचा हक्क माणसाबरोबर संपतो, वारसाकडे जात नाही. तेव्हा दौलताबादी यांचे निम्मे खरे आहे. मात्र बदनामीच्या कलमाच्या पहिल्याच स्पष्टीकरणात, पूर्वीच्या दंडविधानात ४९९ आणि आता न्याय संहितेत ३५६, मृत व्यक्तीची अशी बदनामी की जिच्यामुळे ती जिवंत असती तर तिच्या लौकिकाला धक्का लागला असता आणि जिचा हेतू नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा आहे, ती गुन्हा ठरू शकते. यात फोटोपेक्षा त्याखालची ओळ महत्त्वाची असते.

पण ‘बहुतेक हयात नसावीत’ हेच मुळात तपासून पाहा. १९७८ मध्ये पासपोर्ट फोटो काढायला आलेला वीस वर्षांचा मुलगा आज सत्तरीच्या आत आहे. त्याच्यासाठी २४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी खटल्यातला नऊ न्यायाधीशांचा निर्णय आहे, ज्याने खासगीपण हा अनुच्छेद २१ मधला मूलभूत हक्क ठरवला. त्याच्यासाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे, आणि कागदावरची माहिती नंतर डिजिटल केली तरी तो तिला लागतो, हे वाक्य नोंदवही स्कॅन करणाऱ्याने दोनदा वाचावे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यापासून अठरा महिन्यांनी लागू होतात. घरगुती वापर त्यातून वगळलेला आहे, परंतु सगळ्या जगाला खुला केलेला संग्रह घरगुती आहे असे म्हणणे अवघड जाईल. संशोधन आणि अभिलेख जतन यांसाठीही सवलत आहे, मात्र ती ठरवलेली पथ्ये पाळणाऱ्याला आहे.

काळी_माती

मी एका ग्रंथालयात जुने कागद आणि फोटो सांभाळण्याचे काम करते. येथे सगळे फोटोविषयी बोलत आहेत, आणि माझ्या मते खरी जोखीम नोंदवहीत आहे. नाव नसलेला चेहरा ओळखीच्या चार माणसांपुरता उघड होतो. त्याच चेहऱ्याखाली नाव, गाव आणि तारीख आली की तो शोधयंत्रात कायमचा सापडतो. आणि मराठवाड्यात नावगावावरून जात कळायला तिसरा प्रश्न लागत नाही. ज्या नामांतराच्या प्रश्नावर १९७८ मध्ये येथे घरे जळाली, त्याच वर्षापर्यंतच्या नोंदी तुमच्याकडे आहेत. त्या काळी कोण कोणाच्या शेजारी उभे राहून फोटो काढत होते, हे आज सगळ्यांनाच सांगायचे असेल असे धरू नये.

पूर्णाकाठ, एक विचारते. नावाच्या रकान्यात माणसाऐवजी एखाद्या कचेरीचे नाव आहे, अशा नोंदी आहेत का?

पूर्णाकाठ

आहेत. नऊ ठिकाणी ‘ठाणे’ एवढेच लिहिले आहे, १९५० आणि ५१ च्या नोंदींत. पाकिटे काढून पाहिली. पुरुष आहेत, दोन बायकाही आहेत; छातीशी पाटी धरलेली आणि पाटीवर खडूने आकडा. एक समोरून आणि एक बाजूने.

काळी_माती

तेच वाटले होते. तेव्हा काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार मानणारे कायदे होते आणि ते ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाले. ही नऊ माणसे कोण, त्यांनी काही केले होते की नव्हते, हे आपल्याला ठाऊक नाही. स्टुलावर ती आपल्या पायांनी येऊन बसली नव्हती एवढे मात्र नक्की. ‘जुन्या काळचे चोर’ म्हणून असे फोटो फिरताना मी पाहिले आहेत, आणि त्यांचे नातू आज त्याच तालुक्यात शाळेत शिकवत असतात. ही पाकिटे वेगळी बांधा. ती संशोधकाला दाखवण्याची वस्तू आहे, उघड्यावर मांडण्याची नाही.

तसेच मुले. बालगृहातील, किंवा गुन्ह्याला बळी पडलेल्या वा साक्षीदार असलेल्या मुलांची ओळख उघड करण्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. तुमच्या खोक्यात तसे काही असण्याचा संभव कमी आहे, पण एखाद्या वसतिगृहाचा किंवा अनाथालयाचा गट फोटो निघाला तर थांबा.

तिसाव्या_पहाटे

मला कायद्यातले कळत नाही. फक्त आतापर्यंत जे म्हटले गेले त्याच्या नेमके उलट माझ्या हातून घडले, म्हणून लिहितो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी लातूरला शिकत होतो. आदल्या रात्री गणपती विसर्जन होते आणि माणसे थकून झोपली होती, हे सगळ्यांना माहीत आहे. मदतीच्या ट्रकमधून गेलो तेव्हा गळ्यात एका मित्राचा कॅमेरा होता आणि त्यात छत्तीस फोटोंचा एक रोल. तो मी चार दिवसांत संपवला. त्यातल्या एका फोटोत एक वयस्क गृहस्थ, उभ्या राहिलेल्या एकाच भिंतीला पाठ लावून, हातात पितळी तांब्या घेऊन बसलेले आहेत. हा फोटो मी कोणालाही दिला नाही. दुसऱ्याच्या दुःखावर आपले नाव कशाला लावायचे, असे वाटले. वीस वर्षे तो माझ्या टेबलाच्या खणात होता आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता.

२०१३ मध्ये एका वार्षिक अंकासाठी मागणी आली तेव्हा परवानगी घेण्यासाठी पुनर्वसित गावात गेलो. ते गृहस्थ भूकंपानंतर सहा वर्षांनी वारले होते. मुलाने फोटो हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. मग त्याने मला सांगितले की वडिलांचा एकही फोटो घरात नाही. जे होते ते मातीखाली गेले आणि नंतर काढायचा राहून गेला. भिंतीवर हार घातलेली चौकट होती, तिच्यात विठ्ठलाचे चित्र होते. वडिलांच्या जागी.

तो अंकात छापण्याला नाही म्हणाला. मी प्रत करून दिली. वीस वर्षे मी जे सभ्यपणाने जपले ते त्या घरी हवे होते, आणि मी विचारायलाच गेलो नव्हतो.

दौलताबादी

वरील प्रतिसाद वाचून मी ‘सरळ टाका’ हे मागे घेतो. पण ‘टाकू नका’ इतकेच म्हणून हा धागा संपला तर तोही अन्यायच होईल, हे तिसाव्या_पहाटे यांच्या अनुभवावरून दिसते. खोकी पुन्हा माळ्यावर गेली तर कोणाचे भले होणार आहे?

फिर्यादी

एक व्यवहार्य वाट आहे असे वाटते. कर्ता अथवा हक्कदार सापडतच नसेल तर कलम ३१-अ खाली परवान्यासाठी अर्ज करता येतो, त्यासाठी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. शंभर फोटोंसाठी ते आपल्या खिशाला परवडणारे नाही. त्यापेक्षा फोटो जेथे काढले तेथेच ते दाखवावेत, नावे झाकून, नंबरावर. ओळखणारा येईल तो एक तर स्वतः हक्कदार असेल, नाही तर त्याचा वारस. त्याच्याकडून दोन ओळींची लेखी संमती घ्यावी आणि तिच्यात इंटरनेट, छापील पुस्तक आणि नाव यांची वेगवेगळी विचारणा करावी, कारण फोटोला हो म्हणणारा माणूस नावाला हो म्हणेलच असे नाही. काटेकोरपणे पाहिले तर चार दिवस भिंतीवर लावणे हेही हक्कदाराला न विचारता केलेले कृत्यच आहे, परंतु हक्कदार शोधण्याची दुसरी वाट मला दिसत नाही.

पूर्णाकाठ

तीन महिन्यांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

शंभरऐवजी साठ निवडले. स्थळासाठीचे वाटले ते सगळे काढले, ठाण्याचे नऊ वेगळे बांधले, लहान मुलांचे फक्त घरच्या मोठ्यांबरोबरचे ठेवले. साध्या कागदावर पोस्टकार्डाएवढ्या प्रती काढून एका वाचनालयाच्या खोलीत दोरीला चिमट्याने लावल्या. खाली फक्त नंबर. फोटोचा फोटो घेऊ नये अशी पाटी लावली. ती किती पाळली गेली ते विचारू नका. चार दिवस, त्यातला एक बाजाराचा.

एकवीस फोटो ओळखले गेले. चौदा घरांनी इंटरनेटला होकार दिला, त्यातल्या पाचच घरांनी नावाला. तिघांनी प्रत घेतली आणि ‘बाकी कोठे नको’ म्हणून सांगितले. उरलेल्या चार जणांनी घरी विचारून कळवतो असे म्हटले आहे. मालकांचा मुलगाही येऊन गेला. नोंदवही पाहून म्हणाला की बाबा उधारी मागायला लाजायचे. खरोखरच ‘बाकी’चा रकाना शेवटपर्यंत भरलेला आहे. कलम १७ मध्ये जो ‘मोबदला’ आहे तो उधारीचा असला तर हक्क कोणाचा, हे वकीलसाहेबांनी सवडीने सांगावे.

एक गोष्ट मात्र दोरीवर लावली नव्हती आणि लावणारही नाही. पाकीट ६१२ मध्ये एका तरुण मुलीच्या दोन निगेटिव्ह आहेत. पहिल्यांदा मला त्या सारख्याच वाटल्या. मग खिडकीपाशी एक निगेटिव्ह तिरपी धरली, तेव्हा गालाच्या जागी मसाल्याच्या, म्हणजे रासायनिक लेपाच्या, बाजूने बारीक, एकाला एक लागून काढलेल्या शिसपेन्सिलीच्या रेघा चमकल्या. देवीचे व्रण छपाईत काळे उमटतात, कारण निगेटिव्हवर ते पारदर्शक असतात. रिटचिंग करणाऱ्याने तो एकेक ठिपका पेन्सिलीने भरून काढला होता. दुसऱ्या निगेटिव्हवर पेन्सिल लागलेली नाही. नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘कार्ड साइज, प्रती ६, रिटच’ असे आहे आणि रिटचिंगचे वेगळे दीड रुपये जमा आहेत.

फिर्यादी

उधारी असली तरी मोबदला ठरलेला होता, एवढे पुरेसे आहे असे मी म्हणेन. समोरचा वकील अर्थातच दुसरे म्हणेल.

६१२ ची दुसरी निगेटिव्ह स्कॅन केली आहे का?

पूर्णाकाठ

नाही. दोन्हींच्या मध्ये बटर पेपर घालून पाकीट बंद केले आहे. पाकिटावर नंबर तेवढा ठेवला आहे, कोणी विचारत आले तर सापडावे म्हणून.